कोठाराचं वय

रणपिसे सर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. यजमानीण पाण्याचा ग्लास घेऊन उभी, पोरं पायांत घुटमळतायत, कुणी "या, बसा" म्हणतंय, आणि ह्यांची मान मागे, तोंड किंचित उघडं, नजर छताला. जुन्या घरांची वयं काढण्यात ज्याचा जन्म गेला त्याची ही सवय एक वेळ समजू शकते. पण सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर बघण्यासारखं काय होतं? पांढरा रंग, पंखा आणि एक ट्यूबलाइट. इमारत आमच्या लग्नापेक्षा तरुण. तरी ते दरवेळी बघायचे, आणि पोरगं नापास झालेल्या बापासारखा चेहरा करून सोफ्यावर बसायचे.

माझी ओवी तेव्हा दुसरीत होती. तिने एकदा इथल्या शाळेच्या इंग्रजीत विचारलंच, "अंकल, व्हाय यू एव्हरी टाइम लुक अप? नथिंग देअर, लाह."

"तेच तर दुःख आहे, बाळा," सर म्हणाले.

दिनकर रणपिसे. कराडकडच्या एका खेड्यात जन्म, पुण्यात आर्किटेक्चर, मग शिष्यवृत्तीवर इंग्लंड. तिथे जुन्या घरांच्या नादाला लागले ते लागलेच. लग्नबिग्न राहून गेलं. पन्नाशी उलटल्यावर इथल्या एका युनिव्हर्सिटीने सिंगापूरच्या जुन्या इमारती मोजून, रेखाटून ठेवायला त्यांना करारावर बोलावलं. मी तिथेच काँक्रीटच्या लॅबमध्ये पोस्टडॉक होते, पण आमची ओळख झाली ती रविवारच्या वंदनेत. आम्ही काही मराठी बौद्ध कुटुंबं आळीपाळीने एकमेकांकडे जमायचो. त्रिसरण, पंचशील, मग बायकांनी पहाटे उठून केलेलं आणि पुरुषांनी अध्यक्षीय थाटात वाढलेलं जेवण. सगळे डोळे मिटून 'बुद्धं सरणं' म्हणत असताना एक माणूस डोळे उघडे ठेवून फॉल्स सीलिंगचे सांधे बघत असायचा. मला हे ठाऊक आहे, कारण मीही डोळे उघडेच ठेवायचे.

बोलायला लागले की त्यांची सुरुवात ठरलेली: "आमच्या गावात." नवख्या माणसाला वाटे, कराडकडचं काहीतरी सांगतायत. "आमच्या गावात तळ्याकाठी कबुतरखाना आहे, गोल, विटांचा." ऐकणारा मान डोलावी. "त्याच्या मागे पाद्रीबाबाचं घर." मग ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी. हे गाव इंग्लंडच्या पूर्वेकडचं, एक चर्च, एक तळं आणि एक वाकडा रस्ता एवढाच ऐवज असलेलं. जिथे जन्मले त्या खेड्याला ते 'जन्मगाव' म्हणत, तेही क्वचित, आणि लगेच विषय बदलत.

माझ्या नवऱ्याला ह्याचा राग यायचा. प्रशांत तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याला सगळ्या गोष्टी सरळ रेषेत लागतात. "साहेबाचं गाव आपलं आणि आपलं गाव परकं. काय बोलायचं ह्या माणसाला," तो म्हणायचा. मी म्हणायचे, ऐक तरी. कारण सर त्या गावाबद्दल बोलायला लागले की मला ते दिसायला लागायचं. तिथली जुनी घरं म्हणजे लाकडाची चौकट आणि मधे कुडाच्या भिंती, वरून शेणमातीचा गिलावा.

"शेण?" मी विचारलं होतं.

"शेणच. गोऱ्यांच्या गाई काय अत्तर देतात?"

गाड्या ठेवायची उघडी पडवी, उंदीर चढू नयेत म्हणून दगडी छत्र्यांवर उभी केलेली धान्याची खोली, डुकरांचं खुराडं, आणि सगळ्यांच्या मधे ते मोठं कोठार. समोरासमोर दोन दरवाजे, भरलेली गाडी आत शिरेल एवढे उंच. मधे खळं. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जायचा आणि त्याच वाऱ्यावर गहू उफणायचा. हे सांगताना सर दोन्ही हात पसरून आमच्या हॉलमध्ये वारा दाखवायचे आणि टीपॉयवरचे कप आम्हाला उचलून घ्यावे लागायचे.

त्या शेतवाडीची सगळी जमीन एका बड्या घराण्याची. तिथलं कूळ म्हणजे मार्जरी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन गाई, काही कोंबड्या आणि जीभ तिखट. सर विद्यार्थी म्हणून तिथली घरं मोजायला गेले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. फोनवर खोली रिकामी असायची, दारात सरांचा चेहरा दिसला की भरलेली असायची. शेवटी कुणीतरी मार्जरीकडे पाठवलं. तिने दार उघडलं, ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बूट बाहेर काढ. फरशी आत्ता पुसलीये."

हे सांगताना सर दरवेळी थांबायचे. "सुजाता, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी दारात थांबवलं ते फक्त चिखलाच्या बुटांसाठी."

त्या घरात ते पुढे कित्येक वर्षं राहिले, आधी भाडेकरू म्हणून, मग घरचे म्हणून. लाकूड आतून कुजलंय का ते तपासायला त्यांच्याकडे एक स्टीलची सुई असायची. ती मार्जरीची विणायची सुई. जोडीतली एक त्यांनी मागून घेतली आणि तिचा तपकिरी स्वेटर अर्धा राहिला, तो राहिलाच. इकडे आल्यावरही दर रविवारी दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, तिला फोन. वंदना आमच्याकडे असली की आमच्या स्वयंपाकघरातून. ते कॉलिंग कार्डवरचे लांबलचक आकडे दाबायचे आणि मग ओरडून बोलायचे, कारण तिला कमी ऐकू यायचं. गाईचं काय झालं, कोठाराचं छप्पर कुठे गळतंय, हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कळायचं. शेजारच्या चिनी आजींनी एकदा मला लिफ्टमध्ये विचारलं की तुमच्या घरी दर रविवारी भांडण का होतं.

आता कोठाराचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे.

सर यायच्या आधी गावात सगळे धरून चालले होते की कोठार दीड-दोनशे वर्षांचं असेल. सरांनी ते पाच-साडेपाचशे वर्षांचं ठरवलं. कसं, ते त्यांनी मला सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना साटेच्या, म्हणजे मांस भाजायच्या, काड्या मांडून समजावलं होतं. तिकडचे सुतार घराची चौकट आधी जमिनीवर आडवी करून जुळवत. प्रत्येक सांध्यावर छिन्नीने आकडा कोरत: एक रेघ, दोन रेघा, फुली. मग सगळं सुटं करून जागेवर उभं करताना आकड्याला आकडा लावत. "म्हणजे खांबांवरचे आकडे ओळीने लागले, तर ती चौकट जिथे जन्मली तिथेच उभी आहे. आणि आकडे विस्कटलेले असले तर लाकूड कुठून तरी उतरवून आणलंय. मग लाकडाचं वय हे घराचं वय नव्हे." कोठाराचे आकडे ओळीने लागले होते. सरांच्या अहवालावरून तिथल्या सरकारी कचेरीने कोठार संरक्षित केलं, आणि कोठाराच्या जिवावर त्याच्या भोवतीची सगळी शेतवाडी. जमीनमालकाच्या पुतण्याला तिथे नवी घरं बांधून विकायची होती, ते बारगळलं. एक कोठार म्हातारं ठरलं म्हणून एक म्हातारी आपल्या घरात राहिली.

मी सांगतेय त्या वर्षी पुतण्याने पुन्हा अर्ज केला. कचेरीने सरांना रीतसर विचारलं की तुमचं मत कायम आहे का. एका ओळीचं काम होतं.

"देतो निवांत," सर म्हणाले. "आधी फोटो एकदा परत काढून बघतो." न बघता सही करायची नाही ही त्यांची शिस्त. साधं 'हो' म्हणायलाही ह्या माणसाला पुरावा लागायचा.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरायला जायचे. विद्यार्थी असायचे, पण विद्यार्थी शनिवारी उगवत नसत. आणि मला ओवीची स्विमिंग-ट्यूशन प्रशांतच्या गळ्यात घालून मोकळं व्हायला मिळायचं. सेम्बावांगला पूर्वी ब्रिटिश आरमाराचा तळ होता. त्या साहेबांसाठी बांधलेले काळ्या-पांढऱ्या रंगांचे बंगले झाडीत अजून उभे आहेत. त्यातल्या एकाच्या मागे नोकरांच्या खोल्यांची रांग होती, तिचं मोजमाप चाललं होतं. सर शिडीवर, मी खाली.

"टेप ताणा. माणूस सैल असला तरी चालेल, टेप नाही."

मी टेप ताणला. वरच्या तुळईला खालच्या अंगाने एका ओळीत चौकोनी खाचा दिसत होत्या, रिकाम्या. मी सहज विचारलं, "सर, ह्या खाचा कसल्या? इथे पूर्वी माळा होता का?"

"माळा कसला. हे लाकूड उतरवलेलं आहे. गोदीतल्या एखाद्या जुन्या शेडचं असेल." ते सुईने खाचेतली धूळ उकरत होते. "माळा असता तर त्याच्या कड्या, म्हणजे आडवी लाकडं, दोन्हीकडे टेकल्या असत्या. समोरच्या तुळईलाही अशाच खाचा हव्यात. आहेत का? नाहीत. कड्या काय एका टोकावर तरंगणार आहेत? पहिल्या वर्षाच्या पोराला हे मी..."

आणि सुई खाचेतच थांबली.

मला वाटलं, पाल दिसली. मी वाट बघितली. टेप माझ्या हातात ताणलेला, वरचं टोक त्यांच्या हातात, आणि ते समोरच्या गुळगुळीत तुळईकडे बघतायत.

"सोडा टेप," ते म्हणाले.

शिडीवरून उतरले, बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी घेतली आणि तशीच मांडीवर ठेवली. बरं वाटत नाही का, म्हणून मी विचारलं.

"आमच्या कोठारात एका तुळईला अशा खाचा आहेत," ते म्हणाले. "एकाच. मी अहवालात लिहिलंय, इथे पूर्वी माळा असावा."

मला काँक्रीट कळतं, लाकूड नाही. पण हे कळलं.

दुसऱ्या दिवशी वंदना आमच्याकडेच होती. लोक जेवून गेले, सर थांबले. त्यांनी कोठाराचे फोटो आणले होते, ते डायनिंग टेबलवर मांडले. समोरची तुळई स्वच्छ होती. आकड्यांचंही तसंच निघालं. त्यांनी जे खांब बघितले त्यांचे आकडे ओळीने होते. शेवटचे खांब गवताच्या गठ्ठ्यांनी आणि फळ्यांनी झाकलेले होते, ते पुढे ह्याच ओळीत असणार असं त्यांनी धरून टाकलं होतं. आता एका फोटोत फळीच्या फटीतून एक आकडा अर्धवट दिसत होता, आणि तो ओळीतला नव्हता. कोणीतरी कुठलं तरी जुनं घर उतरवून, त्याच्या लाकडात दोनशे वर्षांपूर्वी हे कोठार उभं केलं होतं. गावातले लोक म्हणत होते तेच खरं होतं.

"मग?" प्रशांतने विचारलं.

"मग काय. कळवावं लागेल."

प्रशांतने खुर्ची पुढे ओढली. "सर, एक मिनिट. हे तुमच्याशिवाय कुणाला दिसलंय? नाही. ह्या बाईंचं वय काय? ऐंशीच्या पुढे. त्या आहेत तोवर गप्प बसा. त्या गेल्या की खुशाल कळवा. कुणाचं काही बिघडत नाही."

मला हे पटलं. आजही पटतं. मी तसं बोललेही.

"कचेरीने आत्ता विचारलंय," सर म्हणाले.

"आपण पंचशील घेतो म्हणून इतकं...?"

"पंचशील मधे आणू नका, प्रशांत. ते मी रोज कुठे ना कुठे मोडतो. हे टेपचं काम आहे. त्या गावातली आणखी घरं माझ्या शब्दावर उभी आहेत. एक माप चुकीचं आहे हे माहीत असून मी ते बरोबर म्हटलं, तर उद्या बाकीच्या मापांना कोण विचारील? मीही नाही विचारणार."

मग ते बराच वेळ फोटो सारखे करत बसले आणि आपण होऊन जन्मगावाचं बोलायला लागले. आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आमचं घर गावाबाहेर. गावात कुणाचं घर उतरलं की वाळवी लागलेलं, चिरलेलं लाकूड माझ्या आजाला मिळायचं, राबल्याच्या बदल्यात. आढं एकाचं, खांब दुसऱ्याचे. आमच्या तुळईला अशाच खाचा होत्या. त्यांच्यात आई फणी खोचायची, काडेपेटी ठेवायची. रिकामी खाच म्हणजे काय, हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळतं." त्यांनी डोळे पुसले नाहीत की आवाज बदलला नाही, नुसते टेबलाकडे बघत होते. "आणि तिथे, त्या कोठारात, मला ती माळ्याची वाटली. का, ते काल रात्रभर शोधतोय. साहेबाच्या देशात कुणी दुसऱ्याचं उतरवलेलं लाकूड मागून आणून बांधत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटायचं, ते फक्त आपण करतो."

प्रशांतने पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली. मी उठून चहा टाकला.

कचेरीला लिहायच्या आधी मार्जरीला सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ते स्वयंपाकघरात गेले, खिडकीशी उभे राहून कार्डवरचे आकडे दाबले. दार लोटलं होतं, पण त्यांचं बोलणं ऐकू न येणं शक्यच नव्हतं. "नाही, मार्जरी, छप्पर नाही. कोठार. कोठाराबद्दल माझं चुकलं." मग पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, एकेक शब्द तोडून. आपली चूक कबूल करणं जिवावर येतं. ती बहिऱ्या माणसापुढे ओरडून-ओरडून करायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. ओवी चित्रं काढत होती, तिने कानांवर हात ठेवले.

सर बाहेर आले. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग मी आता कुठे जाऊ?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी त्यांच्याशी भांडेन. ती म्हणाली, भांडायला तू इथे नाहीस." त्यांनी फोन टेबलवर ठेवला. "आणि ठेवला तिने."

ते भांडले, हे मात्र सांगायला हवं. चूक मान्य केली आणि खाली पानंच्या पानं लिहिली की उतरवलेल्या लाकडाचं कोठार म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांना नवं लाकूड परवडत नव्हतं अशा माणसांनी हे उभं केलं आणि ते अजून उभं आहे, ह्याचीही नोंद व्हायला हवी. त्यात त्यांनी कराडकडच्या आपल्या घराचा दाखला दिला होता, खांब कुणाचे आणि आढं कुणाचं ह्यासकट. तीसेक वर्षांच्या त्यांच्या कामात ते घर पहिल्यांदा कागदावर आलं. मी तो मजकूर वाचला आहे. त्यांचं त्याहून चांगलं लिखाण माझ्या पाहण्यात नाही. कचेरीने त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि संरक्षण काढून घेतलं.

त्यानंतर मार्जरीने त्यांचा फोन उचलला नाही. ते दर रविवारी करायचे, घंटा पूर्ण वाजू द्यायचे, पुन्हा करायचे. ओरडणं बंद झाल्यामुळे चिनी आजींना वाटलं असेल, ह्यांच्या घरात शांतता झाली.

आमच्या मंडळींत बातमी पसरायला वेळ लागत नाही. एका वंदनेनंतर आमच्यातल्या एका गृहस्थांनी, जे बोलायला उभे राहिले की वरणभात थंड होतो असा लौकिक आहे, सरांचा जाहीर गौरव केला. असत्य न बोलण्याचं चौथं शील कसं पाळावं ह्याचा आदर्श आपल्यात बसला आहे, वगैरे. टाळ्या पडल्या. सर ताटावरून उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि निघून गेले. मी मागे लिफ्टपर्यंत गेले तर म्हणाले, "एक बाई घराबाहेर पडतेय आणि हे टाळ्या वाजवतायत." त्या गृहस्थांना वाटलं, सर विनयाने गेले.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत सरांचा फार राग यायचा. ज्या बाईने दार उघडलं तिचंच दार ह्यांनी घालवलं, आणि वर ते तिला स्वतःच सांगितलं; दुसऱ्या कुणाकडून कळू दिलं असतं तर तिला निदान ह्यांच्यावर विसंबता तरी आलं असतं. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." वाद घालणाऱ्याशी भांडता येतं; बरोबर आहे म्हणणाऱ्याशी काय भांडणार? राग यायचा आणि तरी रविवारी त्यांच्या आवडीची चवळीची उसळ मीच करायचे. हे दोन्ही खरं आहे.

पुढे गावच्या पाद्रीबाबांकडून कळलं की मार्जरीला तिची भाची दुसऱ्या शहरात घेऊन गेली. गाई विकल्या. नवा पत्ता सरांना द्यायचा नाही असं तिने स्वतः सांगून ठेवलं होतं. सरांचं त्या गावावरचं पुस्तक जवळजवळ तयार होतं, ते त्यांनी प्रकाशकाकडून परत मागवलं. बोलताना 'आमच्या गावात' हे शब्द आले नाहीत की मला चुकल्यासारखं व्हायचं; प्रशांतलाही व्हायचं, पण तो कबूल करणार नाही.

फोन मात्र चालूच. ती गेल्यावरही. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, तिथे आता कुणी नाही ना?"

"नाही."

"मग?"

"वाजतोय," ते म्हणाले. "म्हणजे घर पाडलेलं नाही अजून."

टेलिफोनच्या वायरीचा आणि घराच्या भिंतींचा काही संबंध नसतो, बिल भरलं नाही की उभ्या घरातला फोनही मुका होतो. हे मला माहीत होतं, इंजिनिअरांच्या घरात राहते मी. त्यांनाही माहीत असणार. पुराव्याशिवाय 'हो' न म्हणणारा हा माणूस आमच्या खिडकीशी उभा राहून रिकाम्या घरात वाजणारी घंटा ऐकायचा आणि त्यावरून अंदाज करायचा. मी काही बोलले नाही. प्रशांतलाही बोलू दिलं नाही.

त्यांचा करार संपला. पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवायला जायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी ते जेवायला आले, आम्ही चौघंच. ओवीने त्यांच्यासाठी एक घर काढलं होतं, चिमणी आणि धूर असलेलं. त्यांनी ते गंभीरपणे तपासून "छप्पर गळेल" असं मत दिलं आणि ती "नो, लाह, अंकल" म्हणून रुसली. जेवण झालं. ते नेहमीसारखे स्वयंपाकघरात गेले. मी ओट्याशी भांडी विसळत होते. त्यांनी आकडे दाबले, फोन कानाला लावला, आणि काही वेळाने कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं. पुन्हा दाबले. पुन्हा ऐकलं.

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "बघा बरं. तुम्हाला काय ऐकू येतंय?"

मोजमापात त्यांची ती पद्धतच होती: आपण वाचलेला आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मी हात पुसले आणि फोन कानाला लावला. एक बाई अतिशय सभ्य इंग्रजीत सांगत होती की हा क्रमांक आता अस्तित्वात नाही. ती तेच पुन्हा-पुन्हा सांगत राहिली. सर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"वाजतोय, सर," मी म्हणाले.

ते जराही चिडले नाहीत. "नाही, सुजाता," ते म्हणाले. "नीट ऐकून सांगा."

बाहेर प्रशांत ओवीला क्रेयॉन उचलायला सांगत होता. मला तेव्हा कळलं की त्या दिवशी ह्याच खिडकीशी उभं राहून मार्जरीला ओरडून सांगताना ह्या माणसाचं काय झालं असेल. मी म्हणाले, "नंबर बंद झालाय, सर."

"हं," ते म्हणाले. फोन घेऊन त्यांनी खिशात ठेवला. प्रशांतशी हात मिळवला, ओवीचं चित्र घडी न घालता गुंडाळून घेतलं आणि निघाले. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. लिफ्ट आली, ते आत गेले, दार लागलं. दाराच्या काचेतून ते मला दिसले; त्यांनीही मला बघितलं आणि मान हलवली, बरोबर वाचलंत म्हणून विद्यार्थ्याला सांगावं तशी, आणि लिफ्ट खाली गेली.